गालाला लावून पहिला बार

साकीनाक्याच्या कारखान्यात आता भिंतीवर पाटी लावलीय. पांढऱ्यावर लाल अक्षरांत. ‘येथे प्रत्येक बंदूक दोरी बांधूनच तपासली जाते. कामगारांची सुरक्षा हेच आमचे धोरण.’ खाली चंद्रप्रकाश शेठचं नाव, ठळक. वेंगुर्ल्याला चौथीपर्यंत शिकलेय मी, मला कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही. वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे आमचे धोरण! अरे, लाज कशी वाटत नाही? ती दोरी कारखान्यात कशी आली, ते तिथल्या उंदराला विचारा, उंदीरसुद्धा सांगेल. शेठ मात्र गिऱ्हाइकांना सांगतो, माझी आयडिया.

तर ऐका आता, कुणाची आयडिया ती.

आमचे हे त्या कारखान्यात टर्नर. दशरथ नाव. बघा, घेतलं. आज मी ते नाव उठता-बसता घेते. पण तेव्हा जीव गेला असता तरी तोंडातून निघालं नसतं. आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर ‘अहो’, नाहीतर ‘ऐकलंत काय’. एकदा वाकोल्याच्या आमच्या चाळीत रेशनिंगचा माणूस आला. म्हणाला, नवऱ्याचं नाव सांगा. मी आढ्याकडे बघत बसले. मग म्हटलं, रामाच्या वडिलांचं. तो म्हणाला, बाई, राम कोण, तुमचा मुलगा? शेजारची मालन दारात हसून हसून मेली, मग तिनेच सांगितलं त्याला. मालन म्हणजे धाकू भावजींची बायको. धाकू भावजी आमच्याच गावचे, ह्यांच्याच कारखान्यात फिटर. दोघांच्या खोल्या लागून.

कारखाना परवानेवाला होता, चोरीचपाटीचा नाही. फोर्टात शेठचं बंदुकांचं दुकान, आणि साकीनाक्याला दगडखाणीच्या कडेला ही शेड. साहेब लोकांच्या, संस्थानिकांच्या जुन्या रायफली यायच्या, नळी खराब झालेली असायची. आमचे हे त्यांना नवी नळी बसवून द्यायचे. मला आधी वाटायचं, नळी म्हणजे काय, पाइप तर आहे! मग धाकू भावजींनी सांगितलं तेव्हा कळलं. नळीच्या मागच्या टोकाला आटे पाडतात, बाटलीच्या झाकणाला असतात तसे, आणि तिला मागच्या लोखंडी पेटीत फिरवून घट्ट बसवतात. काडतूस फुटतं ते नेमकं त्या जोडापाशी. आटे बरोबर असले तर गोळी पुढे जाते. ढिले असले तर सगळं मागे येतं, ज्याने गाल टेकवलेला असतो त्याच्या तोंडावर.

ह्यांचा हात सोन्याचा होता, हे मी बायको म्हणून नाही सांगत. लेथवर नळी फिरत असायची, हे ब्रशने तेल सोडत एकेक बारीक कट घेत राहायचे, आणि शेवटी ती पेटी हाताने फिरवून बघायचे. मोजायची हत्यारं होती, पण त्यांचा भरवसा बोटांवर. ‘आटा हाताला लागला पाहिजे,’ म्हणायचे. ज्या दिवशी आटा हाताला लागायचा, त्या दिवशी माणूस भाकरी मागून मागून खायचा. नाही लागला की ताटात बोट फिरवत बसायचा. मला घरबसल्या कळायचं कारखान्यात काय झालं ते.

एकच गोष्ट कळत नव्हती. ह्यांचा उजवा खांदा. अधूनमधून काळानिळा व्हायचा. विचारलं तर म्हणायचे, लोखंडाच्या सळ्या उचलतो. मी मूर्ख, हळद-तेल चोळत बसायची. सळ्या उचलणारा एकटा हाच आहे का कारखान्यात, हे डोक्यात नाही आलं. आणि दुसरं म्हणजे कान. सांताक्रूझचा विमानतळ आमच्या उशाला. विमान उतरायला लागलं की पत्रे थरथरायचे, आमची कुंदा रडायला लागायची, आणि हे आपले उजवी बाजू वर करून झोपलेले. मी म्हणायची, काय गाढ झोप देवाने दिलीय!

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. त्या दिवशी आम्हा बायकांना आत जाता यायचं. लेथला झेंडूचा हार, कुंकवाचे टिळे, पेढे, सगळं झकास. मी कुंदाला कडेवर घेऊन फिरत मागच्या बाजूला गेले. खाणीच्या कड्याला लागून रेतीच्या गोणी रचलेल्या, कड्यावर पांढरे पांढरे टवके उडालेले. मालनला विचारलं, हे काय गं? ती पेढा खात म्हणाली, “हयच बार काढतत.”

“कोण काढतात?”

“कोण म्हणजे? तुका म्हायत नाय गो? आटे जो पाडता, तोच पयलो बार काढता. गालाक लावन.”

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. नळी बसवून झाली की ती टिकते की फुटते, हे बघायला जास्तीची दारू भरलेला बार काढायचा. बरोबर आहे, बघायलाच पाहिजे. पण सगळ्या दुनियेत म्हणे बंदूक टायरला बांधतात, चापाला दोरी लावतात आणि भिंतीआडून ओढतात. आणि ह्या कारखान्यात? ज्याने आटे पाडले त्याने बंदूक खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि स्वतः चाप ओढायचा. का? तर श्यामसुंदर मिस्त्रींनी घालून दिलेली रीत! हे श्यामसुंदर मिस्त्री ह्यांचे गुरू, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच वारलेले. मी खोदून विचारल्यावर धाकू भावजींनी सांगितलं, की एकदा मिस्त्रींना दोरीच सापडेना, गिऱ्हाईक खोळंबलेलं, म्हणून त्यांनी वैतागून बंदूक खांद्याला लावली आणि बार काढला. गिऱ्हाईक खूश. तेव्हापासून रीत! दोरी सापडली नाही ह्याची रीत झाली, आणि तिच्यावर माझं कुंकू टांगलेलं!

त्या संध्याकाळी घरी मी तोंडाचा पट्टा सोडला. हे हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, “टर्नर आहे मी. माझ्या आट्यांवर माझाच गाल टेकत नसेल, तर दुसऱ्याने त्याचा का टेकवावा?”

खोटं का बोलू, वाक्य भारी होतं. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, “दुसरा हौसेने टेकवतो. त्याला रानडुक्कर मारायचंय. तुम्हाला काय मारायचंय हो? त्याच्या बंदुकीत दारू तेवढीच असते जेवढी असायला हवी. तुमच्यात जास्तीची दारू ठासतात. आणि लेथ कसला तुमचा? लढाईनंतर लिलावात घेतलेलं भंगार!”

हे खरंच होतं. त्या लेथचा लांब स्क्रू, ज्याच्या जोरावर आटे पडतात, तो मधोमध झिजलेला. हे शेठच्या कानीकपाळी ओरडत होते, स्क्रू बदला. शेठचं उत्तर ठरलेलं. “अरे दशरथ, तेरे हाथ में जादू है यार. लेथचं काय घेऊन बसलास?” जादू! जादू म्हटलं की शेठला स्क्रू आणावा लागत नव्हता. आणि आमच्या येड्याला ते ऐकून छाती फुगवून घरी यायला मिळत होतं.

मी रडले, भांडले, अबोला धरला, सगळं करून झालं. हे म्हणायचे, बरं बरं, बघू. आणि खांदा पुन्हा निळा. त्यानंतर मी हळद-तेल चोळणं बंद केलं. चोळा म्हटलं तुमच्या रीतीला.

मग ती रायफल आली. बोरीवलीच्या डोंगरात शिकारीला जाणारे कुणी साहेब होते, त्यांची. जुनी विलायती, नळी आतून खाल्लेली. साहेबांना ती घाईत हवी होती, आणि शेठने हो म्हणून टाकलं. शेठला हो म्हणायला काय जातं? हे रोज उशिरा घरी यायचे. ताटात भाकरी तशीच. एकदा बसल्या बसल्या बोटं चोळत म्हणाले, “आटा हाताला लागत नाही.”

म्हटलं, “मग पुन्हा पाडा.”

“दुसरी नळी नाही. साहेब उद्या येतायत.”

“मग दोरी बांधा.”

मी पुन्हा म्हटलं, “ऐकलंत काय? दोरी बांधा.” तेव्हा म्हणाले, “शेठ म्हणाला, साहेबांसमोर कर. श्यामसुंदर मिस्त्रीची रीत बघू दे त्यांना.” आणि कूस बदलून उजवा कान वर करून झोपले. म्हणजे आता मी काहीही बोलले तरी ऐकू येणार नाही. तेवढी अक्कल होती बरं का त्यांना, कुठला कान वर करायचा त्याची!

सकाळी हे लवकर निघून गेले आणि डबा दाराशीच राहिला. डबा विसरण्यातला माणूस नाही हो तो. आंघोळ विसरेल, डबा नाही. मी डब्याकडे बघितलं. त्याला आज जेवायची आशाच नाही की काय, असं आलं मनात. कुंदाला मालनकडे टाकलं, डबा उचलला आणि निघाले. कलिन्यापर्यंत तरातरा चालत, तिथून पुढे कुर्ल्याच्या बाजूने बस. बसमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी मोठ्याने शिव्या देत होते. शेठला, साहेबाला, त्या मेलेल्या मिस्त्रीलासुद्धा. मेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलले.

फाटकावरच्या पठाणाने अडवलं. मी डबा दाखवला आणि त्याच्या हाताखालून आत घुसले. शेडमध्ये लेथ बंद. म्हणजे सगळे मागे गेलेले. धावत मागे गेले तर काय बघते! साहेब खुर्चीवर, पायावर पाय टाकून, सिगारेट ओढतायत. शेठ शेजारी उभा, लग्नातल्या वरबापासारखा. धाकू भावजी आणि बाकीचे भिंतीला टेकून. आणि हे, माझा माणूस, रेतीच्या गोणींसमोर पाय रोवून उभे, बंदूक खांद्याला, गाल दस्त्यावर टेकलेला, बोट चापावर.

मी ओरडले, “अहो!”

हलले नाहीत. मी पुन्हा जीव खाऊन ओरडले, “अहो! ऐकलंत काय!” बाकी सगळ्यांच्या माना वळल्या. ज्याला हाक मारली, त्याची नाही. माझ्याकडे त्यांचा उजवा कान होता. तेव्हा मला कळलं. झोप गाढ नव्हती हो. कान गेला होता. त्याच कानाशी वर्षानुवर्षं बार काढून काढून गेला होता, आणि मला बायको असून कळलं नव्हतं. डावा तेवढा शाबूत, पण त्याला ‘अहो’ काय ऐकू जाणार? आणि गेलंच तरी दुनियेतल्या सगळ्या बायका ‘अहो’च म्हणतात. त्यांचं बोट वळायला लागलं होतं.

“दशरथ!”

माझ्या तोंडून गेलं. इतक्या मोठ्याने गेलं की खाणीतून परत आलं. दशरथ! आणि तो माणूस दचकला. गाल सुटला, बोट सुटलं, बंदूक खाली आली. असे बघत राहिले माझ्याकडे, मी भर रस्त्यात त्यांचं धोतर फेडलं असावं तसे.

शेठ हसायला लागला. “काय दशरथ! घरी साहेब कोण आहे, आज कळलं आम्हाला!” भिंतीजवळचे दोघे-तिघे फिसकन हसले. ह्यांचा चेहरा लाल झाला. बंदूक पुन्हा उचलायला लागले. तिथे मग माझा तोल सुटला. मी पुढे गेले आणि डबा त्या गोणींवर आपटला.

“शेठ,” म्हटलं, “तुमची रीत काय आहे? ज्याने आटे पाडले त्याने गाल लावायचा. बरोबर? आटे ह्यांनी पाडले. पण लेथ कुणाचा? झिजका स्क्रू कुणाचा? तुमचा! बदला बदला म्हणून हे तुमच्या मागे लागले होते की नाही? मग ह्या आट्यांत अर्धा हात तुमचा आहे. या इकडे. अर्धा गाल तुमचा लावा!”

शेठचं हसू गेलं. म्हणाला, “धाकू, बाईला बाहेर घे.” धाकू भावजी जागचे हलले नाहीत. त्यांचं मी आजही ऋण मानते. मी म्हटलं, “लावा ना! जादू आहे ना ह्यांच्या हातात? मग भीती कसली? लावा!” शेठ साहेबांकडे बघायला लागला. मला वाटलं, आता साहेब उठतील, रागावतील, म्हणतील ही काय भानगड आहे, मला रीतीप्रमाणे बार बघायचाय.

साहेबांनी घड्याळात बघितलं. म्हणाले, “अहो, बांधा की दोरी. मला काय त्याचं? लवकर करा म्हणजे झालं.”

मला काय त्याचं! ऐकलंत? ज्याच्यासाठी आमच्या माणसाने गाल पणाला लावला, ज्याच्यासमोर म्हणे इभ्रत दाखवायची होती, त्याला त्याचं काहीच नव्हतं! त्याने ती रीत मागितली नव्हती. त्याला ती ठाऊकही नव्हती. माझ्या मनात आलं, ह्या साहेबाची सिगारेट ओढून घ्यावी आणि त्याच्याच मिशीला लावावी. पण दोरी बांधा म्हणाला होता ना, म्हणून सोडला.

टायर आणला, बंदूक बांधली, चापाला सुतळी लावली. सगळे भिंतीआड. सुतळी ह्यांनीच ओढली. माझ्याकडे न बघता.

धाड! कड्यावरून दगडाचा टवका उडाला. धूर गेला, सगळे पुढे धावले. आणि बंदूक ठणठणीत! केसभरही हलली नव्हती. आटे धरून राहिले होते. त्या भंगार लेथवर, त्या झिजक्या स्क्रूवर पाडलेले आटे!

“झालं समाधान, बाई?” शेठ म्हणाला. साहेबांनी रायफल जीपमध्ये टाकली आणि गेले. ह्यांनी डबा उचलून माझ्या हातात दिला, तसाच भरलेला. बाकीचे हसत लेथकडे गेले. तिथून बाहेर पडताना माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच सांगा. बंदूक फुटली असती तर मी शहाणी ठरले असते. ती टिकली म्हणून मी येडी! म्हणजे मी शहाणी ठरायला बंदूक फुटायला हवी होती का? हा कुठला न्याय?

घरी आल्यावर हे एवढंच बोलले. “नाव घेतलंस.”

बस्स. लेथ नाही, शेठ नाही, साहेब नाही. नाव घेतलंस! चाळीत तोवर बातमी पसरली होती. नळावर बायका मला बघून गप्प व्हायच्या. मालनसुद्धा, माझी मालन, हळूच म्हणाली, “नाव घेतला काय घोवाचा आयुष कमी होता गो.” मी तिच्यावर अशी उखडले की तिने दोन दिवस दार उघडलं नाही. म्हटलं, आयुष्य नावाने कमी होतं, आणि गालाशी दारू पेटवून वाढतं, होय गं?

कारखान्यात ह्यांची टर उडायची. कुणीतरी बाईच्या आवाजात ‘दशरथ’ म्हणायचं आणि बाकीचे दात काढायचे. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण रागच जास्त होता. आणि एका सकाळी खांद्यावर पुन्हा तो निळा डाग बघितला, तेव्हा मी ठरवलं. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, चांगल्या कानाशी, आणि सांगितलं.

“ऐका. पुन्हा गाल लावलात तर मी पुन्हा येईन. जितक्या वेळा लावाल तितक्या वेळा येईन. फाटकापासून सुरुवात करीन आणि लेथपर्यंत नाव घेत येईन. साहेब असो, शेठ असो, पोलीस कमिशनर असो. आणि नुसतं दशरथ नाही म्हणणार. ‘दशरथ रे!’ म्हणीन.”

माझ्याकडे बघितलं. मी ते करीन, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून हे दोरी बांधायला लागले. ह्या माणसाला मरणाची भीती नव्हती, नावाची होती! मला त्याचं हसू यायला हवं होतं. नाही आलं. संताप आला. माझ्यासाठी नाही, कुंदासाठी नाही, चारचौघांत ‘रे’ नको म्हणून दोरी बांधली. पण बांधली ना? मग मी तोंड मिटलं.

पुढच्या वर्षी, आंब्याच्या दिवसांत, हे भर दुपारी घरी आले. मागे धाकू भावजी. हे उंबऱ्यावरच बसले. अंगावर एक ओरखडा नव्हता, पण चेहरा पांढराफटक. भावजींनी सांगितलं. एक रायफल फुटली. दोरीवरच. जोडच सुटला, मागचा बोल्ट सुटून टायर फाडून गेला आणि मागच्या गोणीत घुसला. “वैनी, नेमका तोंडाच्या उंचीक,” भावजी म्हणाले, आणि आपल्याच गालावर हात ठेवला.

“आटे कुणाचे?” मी विचारलं.

“माझे,” हे म्हणाले.

मी पाणी दिलं, ते हातात धरून बसले. मग म्हणाले, “त्या दिवशीची नळी पण हाताला अशीच वाटली होती. साहेबांची. ती टिकली, ही फुटली. मला दोन्हीतला फरक कळला नाही.” मग पुन्हा म्हणाले, “टिकेल की फुटेल, मला तेव्हाही ठाऊक नव्हतं गं. सगळे बघत होते म्हणून लावला गाल.”

मी काय केलं? बायका म्हणतात, अशा वेळी माणसाला जवळ घ्यावं. मी घेतलंही. पण आधी चांगला अर्धा तास बोलले. सगळं काढलं, मिस्त्रीपासून साहेबापर्यंत. ते ऐकत राहिले. डावा कान माझ्याकडे करून बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आणि आता शेठ बघा. रायफल फुटली ती एका बड्या गिऱ्हाइकाची, तर महिन्याच्या आत नवाकोरा लेथ आला! जर्मनचा! माझ्या माणसाचा गाल होता तोवर लिलावातलं भंगार चालत होतं. टायर फाटला तेव्हा जर्मन लेथ आला. आणि त्याच्या मागोमाग ही पाटी. माझी आयडिया म्हणे! फोर्टातल्या दुकानात गिऱ्हाइकांना चहा पाजून सांगतो, आमच्याकडे कारागिराचा जीव पहिला. एकदा मी जाऊन त्याला तोंडावर विचारलं, शेठ, पाटीवर माझं नाव नको, पण ह्यांच्या कानाचं काय? डॉक्टर म्हणतो आतली नस गेली, बंदुकीच्या आवाजाने, आता डावाही चाललाय. तर शेठ म्हणतो, “वहिनी, कान तर वयाने जातात.” चाळिशी उलटली नव्हती हो तेव्हा! वयाने!

डावाही गेला. गेल्या गणपतीत. लेथवर अजून जातात, आटे बोटांनीच बघायचे असतात ना, त्याला कान लागत नाहीत. उलट शेठ खूश, आता हा उलटून बोलत नाही म्हणून. गाल वाचला, डोळे वाचले, कुंदाचा बाप वाचला, मी नाही म्हणत नाही. पण कानांची पाटी कोण लावणार? कुठल्या भिंतीवर?

आता मी दिवसभर नाव घेते. लाज गेली, रीत गेली, मालनसुद्धा काही बोलत नाही. जेवण तयार झालं की दारात उभी राहून हाक मारते, दशरथ! विमानाच्या वरताण ओरडते. चाळीतली पोरं दचकतात, नळावरच्या बायका वळून बघतात, पलीकडच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागतो. सगळ्या वाकोल्याला ऐकू जातं. आणि ज्याचं नाव, तो समोर बाकड्यावर बसून चहात पाव बुडवत असतो. मग मी जाऊन खांद्याला हात लावते. त्याच, उजव्या.